पापावरचा उपदेश आणि कोरी व्हाउचरं : आमच्या मंडळीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
पास्टरेट कमिटीचे सगळे सभासद, पाळकसाहेब, खजिनदार भाऊ, आणि नागपुरातल्या बाकीच्या मंडळ्यांमध्ये जे जे कोणी अर्पणाचा हिशोब सांभाळतात ते सगळे

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मी आधी बंद पाकिटात दिलं होतं, दोनदा. पहिल्यांदा उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदा "ताई, बसून बोलू" असा निरोप आला आणि बसणं काही झालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिले. मंडळीचं नाव लिहीत नाही, कोणाचंच नाव लिहीत नाही, मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि नाव लिहायचंच झालं तर पहिलं माझं लिहावं लागेल, ते का ते पुढे येईलच.

आपल्या मंडळीत एक आजी आहेत. तुम्ही सगळे ओळखता. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खांबाजवळ बसतात, जिथे पंख्याचं वारं पोचत नाही तिथे. अर्पणाचं गीत सुरू झालं की पदराच्या गाठीतून दहाची नोट काढतात, चुरगळलेली असते, ती पवित्र शास्त्राच्या पुठ्ठ्यावर ठेवून तळहातानं दोन-तीनदा सरळ करतात आणि मग थैलीत टाकतात. मी अर्पण मोजायला बसायची तेव्हा ती नोट मला ओळखू यायची, गाठीच्या बारीक सुरकुत्या असायच्या आणि बऱ्याचदा हळदीचा एखादा डाग.

मागच्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं. पंचेचाळीसचं ऊन, पत्र्याचं छत, कूलर बंद पडलेला. चार दिवस सलाईन, मग औषधं. लेकीनं गरीब निधीतून तीन हजार मागितले. उत्तर मिळालं, फंडात सध्या बॅलन्स नाही, मीटिंगमध्ये ठेवतो. ती मीटिंग कोरम भरला नाही म्हणून पुढे गेली, मग कोणाच्या तरी घरचं लग्न होतं म्हणून अजून पुढे गेली, आणि जुलैत झाली तेव्हा तो विषय अजेंड्यावर नव्हताच. लेकीनं कानातले गहाण ठेवले. मी आजींना भेटायला गेले तर मलाच समजावतात, "राहू दे ना बाई, चर्चचेच पैसे आहेत, नसतील तर कुठून देतील ते लोक."

सप्टेंबरात ऑडिटसाठी फाइल लावताना मी खातेवही उघडली. एप्रिलमध्ये गरीब निधीतले चाळीस हजार नव्या साउंड सिस्टिमसाठी वर्ग झालेले, शेरा "तात्पुरते". पाच व्हाउचरं. प्रत्येकावर दोन सह्या, त्यातली दुसरी माझी.

मी त्या सह्या केल्या तेव्हा ती व्हाउचरं कोरी होती. मी वर्ध्याला लग्नाला निघाले होते, बाहेर ऑटो उभा होता, खजिनदार भाऊ गेटवर आले आणि म्हणाले, ताई, तुम्ही नसल्या की बँकेची कामं अडतात, पाचवर सही करून ठेवा. मी ऑटोच्या सीटवर पर्स ठेवून तिच्यावर सही केली. मी आयुष्यभर अकाउंटमध्ये काम केलंय, ऑफिसात कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं असतं, पण चर्चमध्ये केली. काहून केली याचा मी खूप विचार केला. तर एवढंच सापडलं की मला वाटायचं, इथे तर सगळे आपलेच आहेत.

आणि कोणी एक रुपया खाल्ला नाही हेही लिहायलाच पाहिजे. साउंड सिस्टिम आली, बिल आहे, स्पीकर भिंतीवर लागलेत, पाळकसाहेबांचा आवाज आता मागच्या बाकापर्यंत स्वच्छ जातो. खजिनदार भाऊ चांगला माणूस आहे, कोविडमध्ये स्वतःच्या गाडीवर लोकांच्या घरी सिलेंडर पोचवलेला माणूस आहे. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. चोर असता तर काढून टाकला असता आणि मोकळे झालो असतो. इथे सगळी चांगली माणसं मिळून एका म्हातारीचं औषध अडवून बसली आणि कोणालाच पाप केल्यासारखं वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. आपण दर रविवारी सगळे मिळून कबुली देतो की आम्ही विचारानं, शब्दानं, कृतीनं पाप केलंय. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी होतो, पौल म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होतं, त्यावर पाऊण तासाचा उपदेश होतो, लोक माना हलवतात, डोळे पुसतात. मग उपासना संपते, चहा होतो, कमिटीची मीटिंग सुरू होते, आणि कोणी विचारलं की या महिन्याचं स्टेटमेंट दाखवता का, तर उत्तर येतं, "आमच्यावर विश्वास नाही का?" मधे फक्त वीस मिनिटं गेलेली असतात. वीस मिनिटांपूर्वी आपण सगळे देवासमोर सांगत होतो की आमच्यावर विश्वास ठेवण्यासारखं काही नाही.

मला खरंच कळत नाही की आपण पाप म्हणजे नेमकं काय समजतो. दारू, सिगारेट, पोरापोरींचं फिरणं, एवढंच पाप असतं का? शास्त्रातलं पाप रोजच्या वहीतही असतं, "तात्पुरते" या शब्दात असतं, मीटिंग पुढे ढकलण्यात असतं. पैशाची पेटी सांभाळायला दिली होती ती यहूदाकडे, बारा शिष्यांतला एक, आणि योहान सरळ लिहून ठेवतो की तो त्यातले पैसे चोरायचा. प्रत्यक्ष प्रभूसोबत फिरणाऱ्या टोळीत हे झालं, आणि आपल्याला वाटतं आपल्या कपाटाला एकच चावी आणि एकाच माणसाकडे ती, तरी काही होणार नाही.

जुन्या करारातलं दुसरे राजे हे पुस्तक, बारावा अध्याय. मी कमिटीला हात जोडून विनंती करते की पुढच्या मीटिंगच्या आधी हा अध्याय मोठ्यानं वाचा. यरुशलेमचा योवाश राजा सांगतो की लोकांकडून येणारा पैसा याजकांनी घ्यावा आणि मंदिराची डागडुजी करावी. ठीक. मग एक वाक्य येतं की राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी डागडुजी केलीच नव्हती. तेविसाव्या वर्षापर्यंत, विचार करा! पैसा येत होता, मंदिर तसंच. तिथे कोणी चोर होता असं शास्त्र म्हणत नाही, त्या पैशाचं काय झालं तेही सांगत नाही. असंच आपल्यासारखं झालं असेल, मीटिंग, कोरम, कोणाचं लग्न. मग राजानं काय केलं? याजकांसाठी उपास-प्रार्थनेचा सप्ताह ठेवला नाही. यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं, आणि वेदीजवळ, आत येताना उजव्या हाताला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजायचे, थैल्यांत बांधायचे, आणि काम पाहणाऱ्यांच्या हातात द्यायचे, ते पुढे सुतार, गवंडी, पाथरवट यांना द्यायचे. एक चर्चचा माणूस, एक बाहेरचा. दोघांच्या डोळ्यासमोर. आपण आज ज्याला दोन सह्या म्हणतो ते हेच आहे, आणि ते सरकारनं आपल्यावर लादलेलं नाही, ते आपल्या शास्त्रातच आहे.

आपले एक जुने पंच आहेत, मी त्यांचा खूप मान ठेवते, त्यांनी मला याच अध्यायातलं पुढचं वचन दाखवलं, की कामावरच्या लोकांकडून हिशोब घेत नसत कारण ते प्रामाणिकपणे वागत. पंधरावं वचन. म्हणाले, बघ, विश्वासावर चालायचं. बाबा, मी ते वचन टाळत नाही. पण ते कुठे येतं ते बघा ना. पेटी झाली, भोक पाडलं, दोघांनी मोजलं, थैली बांधली, त्याच्या नंतर येतं. आधी दोघांनी मोजलेला पैसा त्या लोकांच्या हातात पडत होता आणि काम समोर भिंतीवर दिसत होतं. आपण पेटी वगळली, भोक वगळलं, चिटणीस वगळला, आणि फक्त पंधरावं वचन उचललं.

आणि त्याच योवाशचं पुढे काय झालं तेही वाचा, दुसरे इतिहास, चोविसावा अध्याय. ज्या यहोयादाच्या बायकोनं त्याला लहानपणी लपवून वाचवलं, ज्यानं त्याला सात वर्षांचा असताना गादीवर बसवलं, तो यहोयादा वारल्यावर हा राजा दरबारातल्या लोकांच्या नादी लागला, मंदिर सोडून दिलं, आणि यहोयादाचाच मुलगा जखऱ्या जेव्हा तोंडावर बोलला तेव्हा त्याला मंदिराच्या अंगणात दगडमार करून मारायला लावलं. ज्यानं हिशोबाची पद्धत लावली तोच माणूस. म्हणून मी म्हणते, एखादा माणूस चांगला आहे यावर काहीही उभं करू नका. तो आज चांगला आहे. मीही आज चांगली आहे.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती पुराची. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोण विसरेल, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात शिरली, लोक झोपेतून उठले ते पाण्यात. आपल्या हॉलमधून ब्लँकेट, तांदूळ, तेल असे किट वाटले. यादी मी आणि अजून दोघी-तिघींनी केली, रात्री बसून. खूप चांगलं काम झालं असं सगळे म्हणाले, फोटोही काढले. दोन दिवसांनी मी ती यादी परत पाहिली तर वरची बहुतेक सगळी नावं आपल्या ओळखीची, आपल्या संडे स्कूलच्या पोरांची घरं, आपल्या गायनवृंदातल्या बायकांचे नातेवाईक. नदीच्या अगदी काठावरची वस्ती, जिथे पाणी सगळ्यात आधी शिरलं होतं, ती यादीच्या खाली, आणि खालपर्यंत पोचेस्तोवर किट संपले. आम्ही कोणी ठरवून केलं नव्हतं. जे नाव आधी आठवलं ते आधी लिहिलं. जे आपलं असतं तेच आधी आठवतं ना.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, अगदी हेच. पहिली मंडळी, पवित्र आत्म्यानं भरलेली, जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारी माणसं, आणि तिथे रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जायच्या. तक्रार झाली. प्रेषित "आमच्यावर विश्वास नाही का" असं म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, सगळी नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा राहून जात होत्या बहुतेक त्यांच्याच माणसांच्या हातात वाटणी दिली. आपण कधी असं केलंय का? गरीब निधीच्या उपसमितीवर एक तरी माणूस असा आहे का ज्याला कधी त्या निधीची गरज पडली? आपण ज्यांची नेमणूक करतो त्यांच्या घरी दोन एसी असतात. हे टोचून बोलत नाही, माझ्याही घरी एक आहे.

काही तरुण मुलं मला म्हणतात, आंटी, सगळा सिस्टिमचा दोष आहे, सिस्टिम बदला, माणूस आपोआप सुधारतो. आणि आपले प्रार्थना गटातले लोक म्हणतात, माणूस बदलला की सगळं बदलेल, सिस्टिम सोडा, गुडघे टेका. मला दोन्ही अर्धं वाटतं. शास्त्र म्हणतं माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, म्हणून त्याच्यावर जबाबदारी टाकता येते, आणि शास्त्र म्हणतं माणूस पडलेला आहे, म्हणून त्याला एकट्याला चावी देता येत नाही. गुडघेही टेका आणि पासबुकही दाखवा. श्रीमंत जकातदार जक्कय येशूला पाहायला उंबरावर चढला होता, तो खाली उतरला तेव्हा नुसता रडला नाही, त्यानं आकडा सांगितला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. त्याच्या घरी तारण आलं ते आकड्यासकट आलं.

आपण ज्या शहरात राहतो तिथे तर ही गोष्ट वेगळी सांगायचीही गरज पडू नये. दीक्षाभूमीवरून आपण रोज जातो-येतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल. आणि त्याच भाषणात हेही सांगितलं की धर्मात भक्तीनं आत्म्याला मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. मला हे वाचताना नेहमी आपली कमिटी आठवते. देवाची भक्ती करायची जागा आहे ही, खजिनदाराची आणि पाळकसाहेबांची नाही. आणि याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यांच्यातही प्रेम होतं, प्रार्थना होती, तरी त्यांनी घटना लिहिलीच, कोण काय करेल, कोण कोणाला विचारेल. नुसत्या प्रेमावर सोडलं नाही.

बाहेरच्या व्यवस्थेबद्दल आपण बरोबर बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा जवळपास फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच आहे. हा अन्याय आहे, मी त्याच्या मोर्चात चालले आहे आणि पुन्हा चालेन. पण मोर्चावरून घरी आल्यावर आपल्याच लोकांच्या लग्नाच्या बैठकीत "तसे मूळचे कोणते तुम्ही?" हा प्रश्न विचारला जातो, हळू आवाजात, चहाचा कप बशीत ठेवता ठेवता, तो मी माझ्या कानानं ऐकलाय, एकदा नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून आपण बाहेर आलो आणि जात आपल्याबरोबर ओली होऊन बाहेर आली. सरकारला जे विचारतो ते स्वतःला कधी विचारणार?

तर मला काय पाहिजे ते साधं आहे. कोऱ्या व्हाउचरवर सही आजपासून बंद, माझी तर बंदच झाली. गरीब निधीचं खातं वेगळं, त्याला कशासाठीही हात नाही, रंगासाठी नाही, स्पीकरसाठी नाही, नाताळच्या लायटिंगसाठी नाही. मागणी आली की सात दिवसांत हो किंवा नाही, लेखी, आणि नाही असेल तर कारणासकट. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्चाचा एक कागद नोटीस बोर्डावर, मोठ्या अक्षरात, म्हणजे म्हाताऱ्यांनाही वाचता येईल. कायदा तर तसाही आपल्याला बांधून आहेच, महाराष्ट्राच्या १९५० च्या विश्वस्त कायद्यानुसार दरवर्षी ऑडिट लागतं, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकता येत नाही, इमारत तीन वर्षांवर लीजनं देता येत नाही. पण आयुक्तांच्या भीतीनं करू नका. सरकारनं कायदा करायच्या कितीतरी आधी यहोयादानं झाकणाला भोक पाडलं होतं.

आणि ते चाळीस हजार परत निधीत जमा करा. साउंड सिस्टिम विकायची गरज नाही. कापणीच्या सणाला लिलाव होतो तेव्हा एका पपईला आपण हजार रुपये बोलतो, टाळ्या वाजतात, मागच्या वर्षी मेथीची एक जुडी पाचशेला गेली. या वर्षीचा लिलाव पूर्ण त्याच खात्यात जाऊ द्या. माझ्या सहीनं जे गेलं त्यातले वीस हजार मी भरते, अर्धी सही माझी होती म्हणून अर्धे. चेक लिहून ठेवलाय.

काही लोक म्हणतील, घरातली गोष्ट बाहेर नेली, आता बाकीचे हसतील. हसू द्या. जे सोडून गेले ते याच्यामुळेच गेले, सगळा धंदा आहे म्हणून गेले, त्यातली दोन माझ्या संडे स्कूलची पोरं आहेत, मी त्यांना आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. मी कुठे जाणार नाही. माझा बाप्तिस्मा इथे झाला, आई-बाबा इथल्याच कब्रस्तानात आहेत.

येत्या रविवारी उपासना झाल्यावर मी चर्चच्या बाजूच्या छोट्या खोलीत बसणार आहे, पाचही व्हाउचरांच्या झेरॉक्स आणि तो चेक घेऊन. आजींनाही या म्हटलंय, त्यांना अजून कोणी सांगितलंच नाही की पैसे कुठे गेले होते, ते मीच सांगणार, तुमच्यासमोर. त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या येते. एक खुर्ची पाठीची लागेल, बाकावर त्यांचे गुडघे दुखतात.

तुमची बहीण,
मंडळीची एक सभासद, नागपूर